बसते पण फिरत नाही अशी चावी

सांगली, मंगळवार, माघ, १९७७

आठ दिवस वहीला हात लावला नाही, चुकलंच माझं. धाकटा भाऊ गणपा इथं दवाखान्यात आहे. पाय कापल्यापासून त्याचं कण्हणं ऐकवत नव्हतं. आज मॉर्फिनची सुई टोचली आणि तो शांत झाला.

त्याचा लेक सुरेश औषधांवर संशोधन करतो. म्हणाला, "आवं तात्या, दुखणं थांबवायची कुलपं अंगातच असत्यात. सुईतलं औषध म्हंजी चावी. पण चावीचा एक दात बदलला की ती बसती, फिरत न्हाई. वर खऱ्या चावीची वाट अडवती."

मी साताऱ्यात चाळीस वर्षं कुलपं दुरुस्त केली! म्हटलं, "नुसती चावी फिरून भागत न्हाई रं. आतला खटका सरकतो, तवा उघडतं."

"व्हय, अगदी तसंच! कुलपाचा आतला आकारच बदलतो."

गणपा डोळे मिटूनच हसला. "बघ दादा, माझा लेक हाय."

माझा लेक हाय. लय लागलं ते. कुलपं मला कळतात आणि असला लेक त्याला? पाय त्याचा गेला आणि जळतोय मी. लाज वाटते, पण खरं आहे. माझा शंकर पलटणीत. दिवाळीपासून पत्र नाही. उद्या मी असा पडलो तर उशाशी कोण?

शंकर, दोन ओळी तरी धाड रं, लवकर.