हर्नडनचा राजा

रवि. १० ऑगस्ट १९८६, हर्नडन
इथल्या मराठी मंडळाची मीटिंग. नवे अध्यक्ष जयंतराव (यापुढे ज. पुरे, अख्ख्या नावाची लायकी नाही) पाऊण तास बोलले. ‘सगळं एका छत्राखाली आणायचंय.’ छत्र! मंडळ म्हणजे परदेशातली पंचवीस घरं आणि एक फुटका माइक.
घरी येऊन कॉलेजच्या लेक्चरची तयारी. माझा मध्ययुगीन फ्रेंच राजाही सुरुवातीला असाच, पॅरिसबाहेर कुत्रं विचारत नव्हतं. सरदार आपापल्या किल्ल्यात मस्त. पण त्याला अक्कल होती.

गुरु. १४
मंडळातल्या शैलाचा फोन. यंदा नैवेद्य तिचा. ‘गेल्या वर्षी तुझे मोदक फुटले होते ना, म्हणून म्हटलं.’ मंडळाचा गणपती पहिल्यापासून आमच्या बेसमेंटमध्ये. पेणहून मांडीवर घेऊन आणलेली मूर्ती, विसर्जनाला नुसती पाण्याला टेकवून परत माझ्या जुन्या पैठणीत गुंडाळून खोक्यात. आणि नैवेद्य हिचा? डोकं फिरलं. सरळ ज.ना फोन लावला.
‘वहिनी, काळजीच सोडा. दोघींना समोर बसवतो.’ आवाजात तूप.

रवि. १७
ज.कडे गेले. शैला फिरकलीच नाही. शिष्ट. बरंच झालं, आता निकाल माझ्याच बाजूने लागणार.

शनि. २३
निकाल फोनवर! ‘वाद नको म्हणून यंदा गणपती माझ्याकडे. टेम्पररी हो, वहिनी.’ नैवेद्य त्याची बायको करणार. तिला साधा वरणभात धड जमत नाही. चोर मेला.

मंगळ. २६
लेक्चर झालं. सरदार एकमेकांच्या तक्रारी राजाच्या दरबारात नेत, बोलावून कोणी आलं नाही की राजा जहागीर जप्त करी. तलवार फारशी उपसावी लागत नसे. काय मूर्ख सरदार, असं मीच हसत शिकवलं.
जेवताना नेहाला ज.चा नीचपणा सांगत होते. पोरगी मान वर न करता म्हणाली, ‘बट आई, यू कॉल्ड हिम.’
स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती.

रवि. ३१
सकाळी शैलाला फोन केला. ‘मोदक तू कर. पण गणपती इथे.’ ‘बघते,’ म्हणाली.
गणपती न्यायला ज.ची स्टेशन वॅगन दारात. बेल दोनदा वाजली. हे वरून ओरडतायत, ‘अगं, उघड ना!’ खोका माझ्या मांडीवर.