जर्मन काठीची खोड

३ डिसेंबर १९९६, मंगळवार. कुंडल

काठी आज पुन्हा आखूड! काल माझ्या मापाला, एकशे वीस सेंटीमीटरच्या खुणेवर, घट्ट पिळून ठेवली होती. सकाळी एकशे पाचवर. वैताग आहे नुसता. थोरल्या मुलाने, जयराजने, सुट्टीवर येताना पलटणीतून आणली – जर्मन, तीन नळ्या एकात एक, पिळून लांब-आखूड होणारी. म्हाताऱ्याची काठी मी हातात धरणार नाही, हे त्याला ठाऊक. पण ही डोंगर चढायची! पंधरा तारखेला माझ्या पलटणीतल्या जुन्या सोबत्याबरोबर, लालासाहेबाबरोबर, औंधच्या यमाईचा डोंगर चढायचाय. गुडघा नाही म्हणतो. सगळी मदार हिच्यावर, आणि हिची ही तऱ्हा.

५ डिसेंबर

नळ्या उघडल्या. आतलं, नळी धरून ठेवणारं प्लास्टिकचं बोंड पुसलं, पॉलिश पेपर मारला, उन्हात वाळवलं. टोकाला शेण! बायकोला म्हटलं, रंगूबाई, काठी गोठ्याकडे ठेवत जाऊ नकोस. "पुसते," म्हणाली. दमलो.

६ डिसेंबर

पुन्हा एकशे पाच.

८ डिसेंबर

सरकायचंच तर पार खाली जावं. रोज एकशे पाचलाच कशी थांबते? लालासाहेब खो खो हसला. "जर्मन माल हाय गड्या. शिस्तीत घसरतोय!" मला हसू आलं नाही. चढावर सरकली तर मी थेट पायथ्याला. रंगूबाई मध्येच म्हणाली, "असू द्या की. सकाळी पिळून वाढवायला कितीसा येळ लागतोय?" बायकांना यंत्रातलं काय कळतंय!

११ डिसेंबर

इस्लामपूरला वर्कशॉपात गेलो. नळ्यांतून आरपार भोक पाडून बोल्ट ठोकून घेतला. मिस्त्री कुरकुरला – "आबा, भोक पाडलं की नळी तिथंच मोडंल बघा." म्हटलं, पाड! आता लांब नाही की आखूड नाही. एसटीत उभ्यानं आलो. अंग मोडून आलंय.

१५ डिसेंबर, रविवार

चढलो! काठी सूतभर सरकली नाही. देवीपुढे डोळे भरून आले. रंगूबाईलाही चल म्हटलं होतं. "गोठा कोण बघंल?" म्हणाली.

१६ डिसेंबर

पहाटेच जाग आली. गोठ्याच्या दारात रंगूबाई. एक हात भिंतीला, दुसऱ्या हातानं काठी पिळतेय. मला बघून दचकली. "आवं, ही आता आखूड हुईना."

गुडघे कधीपासून दुखतात, विचारलं. "लय दिस झालं," म्हणाली. लाज वाटली मला.

बोल्ट काढला. एकशे पाचवर घट्ट पिळून तिच्या हातात दिली. मला वेळूची चालेल.