चिठ्ठी द्यायची नाही

१ जुलै
कोथरूडला शिक्षकांसाठी कॉम्प्युटरचं प्रशिक्षण. हडपसरहून दोन बस बदलून पोचले, तर हॉलमध्ये एकही कॉम्प्युटर नाही! चाळीस शिक्षक, सुतळी, चिठ्ठ्या, पाकिटं. चुकीच्या हॉलमध्ये शिरले असं वाटलं. शेजारी आमच्याच शाळेचे दिगंबर सर. म्हणाले, "बसा. उद्या तांदळाशिवाय भात शिकवतील."

शिकवणारे योगेश सर माझ्या मुलाच्या वयाचे. म्हणाले, वर्गात जाऊन फळा पुसायच्या पायऱ्या लिहा, कॉम्प्युटरला सांगतात तशा. मी सहा लिहिल्या. त्यांनी तंतोतंत तसंच केलं आणि बंद दारावर जाऊन आपटले — दार उघडा, हे मी लिहिलंच नव्हतं. एकतीस वर्षं नोकरी करून! हसू आलं, थोडा रागही.

२ जुलै
आज सायबर सुरक्षा. प्रत्येकाला पासवर्डची चिठ्ठी. कोणी कितीही गोड बोललं तरी द्यायची नाही. मी दिली. योगेश सर "शिक्षण विभागातून आलोय" म्हणाले आणि हात आपोआप पुढे गेला. वरून मागितलं की द्यायचं, एवढंच येतं आम्हाला.

कोणी असं मागत राहिलं, तर मग सांगायचं तरी कोणाला? हे विचारायचं होतं. जेवणाची सुट्टी झाली, राहिलं.

४ जुलै
पाचवीच्या वर्गात तोच खेळ घेतला. मुलांनी पटापट चिठ्ठ्या माझ्या हातात दिल्या — बाईंना नाही कसं म्हणायचं! मग बजावलं, मी मागितली तरी द्यायची नाही. दुसऱ्या फेरीत ऋतिका एकटी टिकली. खाऊचं आमिष दाखवलं, डोळे वटारले. ढिम्म. वर्गाकडून तिच्यासाठी टाळ्या वाजवून घेतल्या.

८ जुलै
मुलांना काय कळलं, कोण जाणे. मला तरी कुठे कळलंय.

१५ जुलै
ऋतिका हल्ली डबा उघडत नाही. एरवी घरातलं सगळं येऊन सांगणारी पोर. डब्याच्या सुट्टीत विचारलं तर नुसती मान हलवते. दिगंबर सर म्हणतात, "वयच तसं असतं." दहाव्या वर्षी? काळजी वाटते. माझंच काही चुकलं का?

१८ जुलै
ऋतिकाची आई रडत शाळेत आली. आईच्याच मोबाईलवर कुणी अनोळखी माणूस दहा दिवस ऋतिकाला मेसेज करत होता. फोटो मागत होता, धमकावत होता. आईने आज पाहिलं. आम्ही दोघी पोलिसांत जाऊन आलो.

१९ जुलै
पोरीला जवळ घेतलं. "मला का गं नाही सांगितलंस?"

"बाई, तुम्ही विचारलं होतं ना डब्याच्या सुट्टीत. मला वाटलं, परत तोच चिठ्ठीचा खेळ घेताय."