पंधरा दिवसांचा पास

वाशीम, कार्तिक शु. ५, शके १८५९

चि. माणिकचंदास अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

जयजिनेंद्र. इकडे सर्व खुशाल. सूनबाईचा बाळंतपणाचा सव्वा महिना पौर्णिमेला संपतो, मग मला सुटी.

शेजारच्या रंगूबाईने अकोल्याच्या स्टेशनावरून बातमी आणली आहे. मोठ्या लाईनीवर पंधरा दिवसांचा पास निघाला म्हणतात, वाटेल तिथे चढा आणि उतरा. खरे का हे? उतरताना पास काढून घेतात का? एकाच गावी दोनदा उतरले तर मास्तर हरकत घेतो का? तुझे दुकान त्या स्टेशनाजवळच, तेव्हा नीट विचारून कळव.

कशासाठी, ते तू ओळखलेच असशील. आपली भंवरी, म्हणजे आता साध्वीजी, मलकापुरात चातुर्मासाला आहेत. चार वर्षांपूर्वी दीक्षेला तिच्या वडिलांनी आज्ञा दिली, मी मात्र खोलीला आतून कडी लावून बसले. एकदा समोर जाऊन सांगायचे आहे की माझीही आज्ञा आहे.

तुझी बहीण, कंचनबाई

अकोला, कार्तिक शु. ८

ती. सौ. बाईस माणिकचंदचा सा. न. वि. वि.

तुझे पत्र पोचले. तुझे सगळे प्रश्न घेऊन तिकीटबाबूकडे गेलो. इतकी चौकशी तर साहेबलोकही करीत नाहीत, असे तो म्हणाला. पास काढून घेत नाहीत, आणि एका गावी दहादा उतरलीस तरी चालते.

पण तुला तो हवा काहून? किंमत तीन जाऊन-येऊन तिकिटांइतकी. तुला जायचे एका मलकापूरला. साधे तिकीट काढ, दर्शन घे, परत ये. पास हा देश बघत हिंडणाऱ्यांसाठी आहे. रंगूबाईंना हिंडायची हौस असेल तर तसे सांग.

माया आहेच, ती तशीच राहू दे.

तुझा माणिकचंद

वाशीम, कार्तिक शु. ११

चि. माणिकचंदास अ. उ. आ.

कापड मोजता मोजता तू धर्म विसरलास. पौर्णिमेला चातुर्मास संपला की साध्वी एका जागी राहतात का? कुठल्या गावाला निघाल्या हे आधी सांगत नाहीत, स्वतः पत्रही लिहीत नाहीत. तिकिटावर गावाचे नाव छापलेले असते. मी कोणते नाव सांगू? पायी चालणारे माणूस कितीसे जाईल? स्टेशनोस्टेशनी उतरून विचारीन. रंगूबाई सोबत येते आहे. दोन पास काढून ठेव.

तुझ्या मुलांना गोड पापा.

कंचनबाई

शिरपूर, कार्तिक व. १३

चि. माणिकचंदास अ. उ. आ. वि. वि.

अकोल्यात तुझ्या घरी न येता परस्पर मोटार धरली, रागावू नकोस. सगळे सांगते.

साध्वी उतरतात तो मलकापूरचा उपाश्रय रिकामा. मग नांदुरा, शेगाव, पुन्हा मलकापूर. सहा दिवस नुसते चढणे-उतरणे. तपासनीस तर आम्हाला ओळखू लागला. शेवटी खामगावात एका किराणावाल्याने सांगितले की साध्वी मेहकरच्या रस्त्याने शिरपूरच्या यात्रेला गेल्या. म्हणजे आपल्याच वाशीमच्या मुलखात! त्या रस्त्याला रूळ कुठले? रंगूबाई कपाळावर हात मारून म्हणाली की, बाई, जिले गाडीत बसाचंच नाई, तिले तुमी गाडीतून कायले पाहून राह्यल्या? मला हसू आले आणि रडूही.

मोटारीने शिरपूरच्या अलीकडचे मालेगाव गाठले. दोन दिवसांनी त्या आल्या. काळ्या पडल्या आहेत, पायांना भेगा आहेत. मी खाली बसून पोटच्या पोरीला वंदना केली. म्हटले, माझी आज्ञा आहे, उशिराची क्षमा असावी. त्या धर्मलाभ म्हणाल्या, सगळ्यांना आशीर्वाद देताना म्हणतात तसेच. एवढ्यासाठीच का आले, असे वाटून फार वाईट वाटले.

सकाळी शिरपूरच्या वाटेला चपला काढून मीही सोबत निघाले. माझा गुडघा तुला ठाऊकच आहे. बाकीच्या साध्वी झपझप पुढे गेल्या. या मात्र एका सोबतिणीला घेऊन मागे राहिल्या, आणि माझा गुडघा थांबेल तिथे थांबत आल्या.

पासात अजून दिवस उरले आहेत. घरी जायची घाई नाही, उद्याही त्यांच्याबरोबर चालणार आहे.

आठवण ठेव, पत्र पाठव.

तुझी बहीण, कंचनबाई