भीमाला घेऊन सभेला जातोय

सूनबाई,

भीमाला घेऊन मी सोसायटीच्या सभेला जातोय. रॉटवायलर जातीचे कुत्रे पाळायला बंदी घालायची का, ते आज ठरणार. कधी एकदा सहा वाजतात असं झालंय. पोस्टमन स्वतःहून भीमाच्या बाजूनं बोलायला येतोय. म्हणाला, "काका, इतक्या वर्षांत त्यानं माझी फक्त चप्पल पळवली." बंदीऐवजी तोंडाला जाळी सक्तीची करा, असं मी सांगणार आहे. आज घालून बघितली, कुरकुरलासुद्धा नाही.

तुझ्या सासूबाई गेल्यापासून त्याला फिरवायलाच मी घराबाहेर पडतो. तरी बंदीच्या अर्जावर तुझी सही पाहिली, त्याचा राग नाही. घरात रांगतं बाळ आहे. मीच तुला कधी विचारलं नाही. बाळाला घेऊन ये आणि मनातलं सगळ्यांसमोर बोल. तू नको म्हणालीस, तर मी बंदीच्या बाजूनं हात वर करीन.

बाबा