तोंड वाकडं करण्याच्या हक्काबाबत

मी, आरसे-काचांच्या दुकानाची मालकीण, पूर्ण शुद्धीवर आणि कुणाच्याही दडपणाखाली न येता (भावाने दडपण आणून पाहिलं, ते फसलं) माझ्यामागची व्यवस्था लिहून ठेवते. याआधी लिहिलेलं सगळं रद्द समजावं.

१. दुकान, काच कापायचा हिरा आणि दर्शनी भागातला मोठा आरसा माझ्या भाचीला, म्हणजे मुंगीला. ती सज्ञान होईपर्यंत कारभार माझी कारागीर पाहील. पुढे दुकान विकायचं की चालवायचं, हे मुंगीच ठरवेल. भाऊ म्हणतो, "ताई, शाळासुद्धा झेपत नाही तिला, दुकान काय झेपणार?" म्हणून सविस्तर लिहिते.

मुंगी सात वर्षांची असताना उंच गवतात खेळली आणि तिला गोचीड चावली. गुडघ्यामागे लाल कडं उठलं. घरच्यांनी गजकर्ण समजून मलम चोळलं. मग डोकं दुखू लागलं, मान आखडली. एकदा जेवताना तिचं अर्धं तोंड हलेना. भाऊ खेकसला, "तोंड वाकडं करू नकोस, मुकाट्याने जेव!"

"बाबा, मी नाही करत. आपोआप होतंय."

पोरीचं कुणाला खरं वाटेना. मी तिला उचललं आणि तडक दवाखाना गाठला. मणक्यातलं पाणी तपासून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा लाइम आजार. गोचिडीचे जंतू मज्जातंतूंपर्यंत पोचलेत. औषधांनी ती सावरली. ओठाचा एक कोपरा अजून रेंगाळतो, आणि अभ्यासात ती लवकर थकते. थकते, मठ्ठ नाही.

२. वहिनीने दयेपोटी घरातले आरसे काढून टाकले. तेव्हा मुंगी शाळेतून थेट दुकानात येऊन मोठ्या आरशासमोर गाल फुगवायची, शीळ घालून बघायची. शीळ वाजली त्या दिवशी मी गिऱ्हाइकासमोर रडले. तो आरसा कुणीही हलवू नये. वहिनीला माझा हातआरसा द्यावा, आणि तिने तो भिंतीला लावावा.

३. राहतं घर भावाला, एका अटीवर: मुंगीची शाळा सोडवायची नाही. सोडवली, तर घरही तिचंच. ही काळ्या दगडावरची रेघ.

४. बँकेतली शिल्लक तिच्या औषधपाण्याला आणि शिक्षणाला.

५. हे वाचताना मुंगीला पहिल्या खुर्चीत बसवावं. बापाकडे बघून तोंड वाकडं करावंसं वाटलं, तर खुशाल करू द्यावं. आता तिला ते मुद्दाम करता येतं.

वाचून, समजून, स्वतःच्या हाताने सही केली: मुंगीची आत्या

आमच्यासमोर सही झाली:
लहान मुलांच्या डॉक्टरीणबाई (बाई पूर्ण शुद्धीवर आहेत, जरा जास्तच)
समोरचे घड्याळवाले

स्थळ: दुकान, मोठ्या आरशासमोर
दिनांक: वकिलांच्या शिक्क्याप्रमाणे, शनिवार