गढीतला हिंदुस्थानी नोकर

चि. सौ. प्रीतीस जानकीराम काकाचे अनेक आशीर्वाद.

बातमी आधी देतो. तुझ्या अप्पांच्या घशातली गाठ काढावी लागणार आणि तिच्याबरोबर आवाजही जाणार, असं तंजावरच्या डॉक्टरांनी काल नक्की सांगितलं. जीव राहील, असंही तेच म्हणाले. (तुला फोन करायचा नाही, अशी अप्पांची ताकीद आहे. पत्राबद्दल ते काही बोलले नाहीत.) आता रीतीप्रमाणे: तू, जावईबापू आणि मुलं खुशाल असाल. इथे उकाडा फार आणि कावेरीत नुसती वाळू.

हे कळलं ते नाटकामुळे. युरोपातल्या जुन्या रहस्यकथेवरून आपल्या इथल्या मराठी मंडळाने रामनवमीला नाटक बसवलं, त्यातल्या उमरावांची भाषणं तूच पुण्याच्या मराठीत सुधारून दिलीस. बर्फात अडकलेली गढी, उंची पाहुणे, एक खून. अशा कथांत आपल्या रंगाचा एक माणूस असतोच: पहिल्या अंकात संशय त्याच्यावर, दुसऱ्यात तोच मेलेला, तिसऱ्यात त्याची आठवणही कुणाला नाही. पात्रं वाटताना पंचाईत झाली. अख्ख्या कुंभकोणमात हिंदुस्थानी व्हायला कुणी तयार होईना. विष्णुवर्धन इन्स्पेक्टर झाला, अलमेलू सरदारीण झाली (गुलाबी पावडर तिने एकटीने संपवली, तेव्हा बाकीचे उमराव आपापल्या रंगातच राहिले). शेवटी तुझे अप्पा नोकर व्हायला तयार झाले. दिग्दर्शक सुरेंद्र स्वतः त्यांच्याहून पुष्कळ सावळा, पण अप्पा पुरेसे हिंदुस्थानी दिसत नाहीत म्हणून त्याने त्यांना काजळी फासली.

मूळ कथेत नोकर मोडकं बोलतो. मोडकं मराठी आणायचं कुठून? सुरेंद्रने आपली घरचीच तंजावरी बोली घातली. तू त्या ओळींशेजारी लिहिलंस, असंच राहू द्या, गोड वाटतं. (तुझा दोष नाही. अप्पांकडे ते काम जाईल हे तुला कुठे ठाऊक होतं? अप्पांना मात्र ते लागलं.)

प्रयोगात लोकरी कोटातले उमराव घामाने निथळत पुणेरी बोलले आणि प्रेक्षक एकमेकांना तमिळमध्ये अर्थ विचारत बसले. मग अप्पा म्हणाले, "धनी, मज ठावें नाही," आणि सभागृह जागं झालं. आपल्या घरातलं कुणीतरी बोललं होतं. दुसऱ्या अंकात ते मेले, तेव्हा निम्मे लोक उठून आत त्यांना कॉफी द्यायला गेले. विष्णुवर्धनने खुनी पकडला तो अर्ध्या रिकाम्या खुर्च्यांसमोर. अप्पांचा आवाज घोगरा लागत होता. सुरेंद्रला तो अभिनय वाटला, आम्ही टाळ्या वाजवल्या. आठवड्याने त्यांना घोट गिळवेना, तेव्हा डॉक्टरांकडे नेलं.

कळावे, लोभ आहेच, तो वाढवायला आता कागद उरला नाही.

तुझा,
जानकीराम काका

ता. क. खरं काम राहिलंच. लोकांच्या आग्रहाने येत्या बुधवारी पुन्हा प्रयोग आहे. दुसऱ्या अंकाचा शेवट आणि तिसरा अंक नव्याने लिहून रविवारपर्यंत फोनवर पाठव. नोकर मरत नाही, खुनी तोच ओळखतो, आणि भरपूर बोलतो. तुझी आई तुला रागवायची त्या भाषेत लिही. माझ्या या पत्रासारखं पुणेरी नको.

ता. क. दुसरा. पत्र लिहितोय हे अप्पांनी पाहिलंच. रागावले नाहीत. संहितेत त्यांच्या भाषणांपुढे नुसतं 'नोकर' छापलंय, ते बोटाने दाखवून म्हणाले, "पोरीस सांग, त्यास एक नांव दे."

बुधवारी संध्याकाळी पडदा उघडेल. गुरुवारी पहाटे आम्ही तंजावरला निघू.